वस्ताद घरी बसले

माझ्या बापाला सगळे वस्ताद म्हणायचे. कत्तलखान्यात पहिला घाव त्यांचा असायचा. मेंढ्यांची रांग यायची, एक जण जनावर धरायचा आणि वस्ताद मानेवरून सुरी फिरवायचे, एकदाच. दुसऱ्यांदा सुरी लावावी लागली तर त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. "जनावराला कळता कामा नये," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि त्यांच्या जनावरांना खरंच कळत नसे. कळायचं ते आम्हाला. घरी त्यांचं एका घावात कधी भागलं नाही.

आईचा डावा कान मी शाळेत असताना गेला. भाजी करपली होती की दार उघडायला उशीर झाला होता, ते आता आम्हा दोघींनाही आठवत नाही. उजव्या हाताची एक सणसणीत बसली, कानातून थोडं रक्त आलं आणि त्या बाजूचं सगळं कायमचं बंद झालं. पुढे वयानं उजवा कानही मंद झाला. तिनं हे बाबांना कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कोणी केलं हेही सांगावं लागलं असतं, आणि त्या घरात तसं बोलायची सोय नव्हती. मग व्हायचं असं की बाबा डावीकडून हाक मारायचे, ती ओ द्यायची नाही, ते भडकायचे, "बहिरी आहेस का गं?" म्हणून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता एक ठेवून द्यायचे. इतकी वर्षं रोज तोच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, ह्याचं मला हसू येतं. हसू म्हणजे तोंड तसं होतं एवढंच.

मी टॅक्सी चालवते, दोन खोल्या घेऊन वेगळी राहते. माझ्या डिकीत स्टेपनीच्या शेजारी आईची एक बॅग कायम असायची. तिचे कपडे, जुना चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. ती बॅग मीच भरली होती आणि गोळ्यांची तारीख उलटली की मीच बदलायचे. "तू नुसतं चल म्हण," मी तिला सांगितलं होतं. ती म्हणायची, "बघू." तिच्या ह्या 'बघू'पायी मला कित्येकदा वाटायचं, आपणच हिला उचलून गाडीत टाकावं.

मग आकडा लागला. कत्तलखान्यात वरच्या लोखंडी रुळावरून आकडे सरकत येतात, सोललेलं जनावर त्यांना टांगतात. त्यातला एक रिकामा आकडा जोरात सुटून आला आणि बाबांच्या उजव्या तळहातातून आरपार गेला. त्यांनी तो स्वतःच उपसला, हाताला फडकं गुंडाळलं आणि डाव्या हातानं उरलेली रांग संपवली म्हणे. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की बोटं वळवणाऱ्या दोऱ्याच तुटल्यात, त्या शिवल्यात, आता हात गळ्यात बांधून घरी बसायचं, तो हलवायचासुद्धा नाही. बाबा डॉक्टरांवर ओरडले. डॉक्टरही काही कमी नव्हते, ते उलटे ओरडले.

आजवर हा माणूस घरी फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. तेवढ्यात आमची ही गत होती. आता दिवसभर घरात. मी त्याच संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आता एकदा जरी त्यांनी हात उचलला ना, तर मी तुला विचारणार नाही. सरळ घेऊन जाईन."

"कुठला उचलतील?" आई म्हणाली. "तो गळ्यात आहे."

"डावा आहे ना अजून."

"डाव्याला सवय नाही गं," ती म्हणाली आणि भात बघायला वळली.

सुरुवातीला डाव्या हातानंही बरीच प्रगती केली. एक स्टूल मोडलं, रेडिओ फुटला, दोन कप भिंतीवर गेले. आई काचा वेचायची आणि मागच्या ओट्यावर जाऊन पुस्तक उघडायची. वाचनालयातून आणलेलं पुस्तक हा तिचा एकच शौक. कान गेल्यापासून तिला माणसांपेक्षा पुस्तकंच स्पष्ट ऐकू येत असावीत. एका दुपारी बाबांनी तिच्या हातातलं पुस्तक हिसकावलं. "दिवसभर तोंडासमोर धरून बसतेस, नवरा मेलाय का?" म्हणाले आणि ते भिंतीवर असं आपटलं की पाठच तुटली, पानं ओट्यावर पसरली. आईनं पानं गोळा केली, लावली, डिंकानं चिकटवली. त्यांतलं एक पान बाबांच्या पायाशी पडलं होतं. ते त्यांनी उचलून वाचलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "त्या खलाशाचं पुढं काय झालं? गळा दाबत होता तो मेला का?"

"वाचा आणि बघा," आई म्हणाली.

आणि ह्या माणसानं वाचलं. ओळीखाली डाव्या हाताचं बोट ठेवून, ओठ हलवत, कपाळाला आठ्या घालून वाचलं. खलाशी मेला. मग त्याचा भाऊ मेला. बाबांनी दुसरं पुस्तक मागितलं, मग तिसरं. मी भेटायला गेले की ते मला लेखकाच्या तक्रारी सांगायचे. "पोटात सुरा खुपसलेला माणूस दोन जिने चढून जातो म्हणे. ह्याच्या हातात कधी कोंबडीतरी दिली होती का कोणी? पत्ता काढ त्याचा. बघतोच." वाचनालयाच्या बाईंकडे ते स्वतः जायला लागले. "ज्यात मारामारी आहे असं द्या," असं थेट मागायचे. एका पुस्तकाची शेवटची पानं कोणीतरी फाडलेली निघाली तेव्हा त्यांनी तिथलं कपाट धरून असं हलवलं की वरच्या फळीवरची पुस्तकं बाईंच्या डोक्यावर आली. बाईंनीही छत्रीचा एक रट्टा त्यांच्या खांद्यावर घातला. घरी येऊन ते हे हसत सांगत होते. बाबांना हसताना बघायची मला सवय नव्हती, मी चप्पल घालून निघाले.

बागेचंही तसंच. घरामागे पत्र्याचं कुंपण घातलेली जागा होती. तिथं आईनं डब्यांत, फुटक्या बादल्यांत, सापडेल त्यात झाडं लावली होती. वस्तादांनी एका सकाळी डाव्या हातात खुरपं घेतलं आणि बागेत शिरले. सगळं गबाळ आहे म्हणाले. दुपारपर्यंत अर्धी बाग मुळासकट उपटून कोपऱ्यात पडली. गोगलगायी ते टाचेखाली रगडायचे, एकेक, आवाज ऐकत. गुलाबांची तर त्यांनी बुंध्यापर्यंत कत्तलच केली. आई ओट्यावर बसून दुसरीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती 'चल' म्हणेल.

ती म्हणाली नाही आणि गुलाब फुटले. बुंध्यातून लालसर, जाड कोंब आले. बाबा सकाळी उठून तोंडही न धुता आधी ते बघायला जायचे. कत्तलखान्यातले सोबती भेटायला आले तेव्हा त्यांनी बाग दाखवली. लोक आजाऱ्याला फळं नेतात. ह्या मंडळींनी पुढच्या खेपेला रक्ताची बादली आणली आणि पोतंभर हाडं. वस्तादांच्या झाडांना काही कमी पडायला नको. बाबांनी रक्त पाण्यात कालवून आळ्यांत ओतलं, हाडं खड्डे करून पुरली. पानं अशी काळीभोर झाली आणि फुलं एवढी मोठी यायला लागली की शेजारणी कुंपणावरून माना काढून बघायच्या.

मला ते बघवत नसे. फुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ह्या माणसाला आनंद होतो, हे मला सहन होत नव्हतं. आनंद व्हायचाच होता तर आधी का नाही झाला? आम्ही दोघी काय परक्या होतो?

दुपारी ते आईला वाचून दाखवायला लागले होते. आईचा चष्मा जुना, डोळे लवकर दुखायचे, म्हणून. ओट्यावर आई भिंतीला टेकून शेंगा सोलत बसायची. तिच्या उजव्या हाताला खांब होता, म्हणून बाबांची खुर्ची डावीकडे. ते हळू आवाजात, स्वतःशी पुटपुटल्यासारखं वाचायचे. मी एकदा मधल्या दारातून बघितलं. आई मान डोलवत होती. खून झाला तरी डोलवत होती, लग्न झालं तरी तशीच. तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मग एक दिवस ती म्हणाली, "मागं वास येतोय."

"कसला वास?" बाबा म्हणाले. त्यांचं नाक कत्तलखान्यात कधीच मेलं होतं. दुपारच्या उन्हात ओट्यावर उभं राहवत नव्हतं, निळ्या माशा भाताच्या पातेल्यापर्यंत यायच्या, आणि हा माणूस तिथंच मांडीवर पुस्तक घेऊन खुशाल बसलेला असायचा. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "गुलाबाचा वास आहे तो."

कुत्री आली ती त्या वासावर. आधी एक, मग चार-पाच. बाबांना त्यांचं काही वाटलं नाही. कत्तलखान्याच्या फाटकाशी कुत्र्यांची टोळी कायम त्यांच्या मागेपुढे असायची, त्यांच्या हातून तुकडे खायची. ही पण तशीच, म्हणाले. पत्र्याखालून शिरून ती आळी उकरायला लागली तेव्हा मात्र त्यांनी एका मोठ्या पिवळ्या कुत्र्याच्या कमरेत फावडं घातलं. ते केकाटत पळालं, मागचा पाय ओढत. त्या दिवसापासून ते कुत्रं लांब रस्त्यावर बसून घराकडे बघत असायचं. मी टॅक्सी लावताना ते मला दिसायचं. मी एकदा हॉर्न वाजवला, ते हललं नाही.

त्या दिवशी दुपारचं भाडं सोडून मी जेवायला घरी गेले होते. बाबा आत पट्टी बदलत होते. जखम भरत आली होती, पुढच्या आठवड्यात हात गळ्यातून काढायचा होता, आणि त्या विचारानं मला रोज धडकी भरायची. आई मागं बागेत होती. पत्र्याच्या पिंपात नळी सोडली होती, पाणी धो धो पडत होतं. पिंप तिच्या उजव्या अंगाला. ती वाकून गुलाबाला काठी बांधत होती, बरोबर त्याच आळ्यात जिथं आदल्या दिवशी नवी हाडं पुरली होती.

बाबांनी खिडकीतून बघितलं. मला आधी त्यांचा आवाज ऐकू आला. "अगं, सरक. अगं ए." मी ताटावरून उठले. कुंपणाखालून पिवळं कुत्रं आत आलं होतं आणि त्याच्यामागं आणखी दोन. ते आईच्या डावीकडून येत होतं, मान खाली घालून, गुरगुरत. आई काठीला सुतळी गुंडाळत होती. बाबा घसा फुटेस्तोवर ओरडले. आईनं गाठ मारली. आणि मग बाबा खिडकीचा गज धरून ओरडले, "बहिरी आहेस का गं?"

कुत्र्यानं तिचा डावा दंड धरला आणि तिला खाली पाडलं. दुसऱ्यानं पोटरी धरली. आईच्या तोंडून आवाज निघाला तसला मी कधी ऐकलेला नाही, मार खातानाही नाही. तिथं ती गप्प राहायची.

बाबा दारातून धावले. जाताना ओट्यावरचं खुरपं त्यांनी डाव्या हातात घेतलं. मी कुदळीचा दांडा उचलला. पहिला घाव कुत्र्याच्या पाठीवरून घसरला आणि फुकट गेला. दुसरा खांद्यात बसला, तरी कुत्र्यानं दंड सोडला नाही, उलट झटके द्यायला लागलं. वस्तादांनी मग उजवा हात गळपट्टीतून ओढून काढला, ती शिवलेली बोटं कुत्र्याच्या जबड्यात घातली आणि जबडा उघडला. टाके तटातट तुटले. आई सुटली. मी पोटरीवरच्या कुत्र्याच्या डोक्यात दांडा घालत होते, किती घातले माहीत नाही, ते पळालं, तिसरं त्याच्याआधीच पळालं होतं. बाबांनी पिवळ्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि खुरप्यानं कापायला सुरुवात केली. खुरपं बोथट होतं, डाव्या हाताला जोर नव्हता. ते कितीतरी वेळ कापत होते. कुत्र्याला सगळं कळत होतं. त्याचं ओरडणं पार नाक्यापर्यंत गेलं असेल. शेवटी ते थांबलं तेव्हा फक्त पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज राहिला.

बाबा उठले. कोपरापर्यंत रक्त, कुत्र्याचं आणि स्वतःचं. आई आळ्यात बसली होती, दंडाचं मांस लोंबत होतं, मोडलेला गुलाब तिच्या मांडीखाली. ते तिच्याजवळ गेले आणि ओरडले, "हाका मारतोय. एवढ्या हाका मारतोय, ऐकू येत नाही?" आणि बोलता बोलता तो फाटलेला उजवा हात वर गेला. घाबरून गेला असेल, सवयीनं गेला असेल, पण वर गेला. आईनं डोळे मिटून मान वळवली.

मी दांडा घेऊन मध्ये उभी राहिले. "नाही येत," मी म्हणाले. "डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. मी शाळेत होते तेव्हापासून नाही येत. तुम्हीच फोडलाय तो. आता हात खाली घ्या, नाहीतर मी हा दांडा तुमच्या डोक्यात घालीन."

मी घातला असता. त्यांनाही ते दिसलं असणार. हात मात्र माझ्यामुळे खाली आला नाही. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग त्या हाताकडे, आणि तो आपोआप खाली आला. मग ते मेलेल्या कुत्र्याशेजारी चिखलात बसले. शेजारणी कुंपणावरून म्हणत होत्या की वस्ताद होते म्हणून बाई वाचली. मी आईला उचलून टॅक्सीत घातलं.

दवाखान्यात आईला टाके घातले, पोटरीत आणि दंडात इंजेक्शनं दिली. बाबा मागून कोणाच्या तरी स्कूटरवरून आले. त्यांच्याही हाताला पुन्हा टाके पडले. ते आईच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "आणि मी वाचून दाखवायचो ते?"

"नाही ऐकू यायचं," आई म्हणाली.

"मग मान कशाला डोलवायचीस?"

तिला त्यांना दुखवायचं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते. तिनं जे होतं ते सांगितलं. "एक हात गळ्यात असायचा तुमचा आणि दुसरा पुस्तकात. मला तेवढा वेळ बरं वाटायचं."

बाबा बाहेर जाऊन बाकावर बसले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मला त्यांची दया आली नाही. नंतर थोडी आली, त्याचा मला रागच आला. मी आईला विचारलं, "काय करायचं?" ती म्हणाली, "चल." डिकीतली बॅग मी पहिल्यांदा बाहेर काढली.

माझ्या दोन खोल्यांत आई आता बाहेरच्या खोलीत झोपते. खिडकीत तिनं तीन कुंड्या ठेवल्यात. वाचनालयाचं पुस्तक मी जाता येता बदलून आणते. बाबा बरेच दिवस आले नाहीत. कळायचं ते इकडून तिकडून. त्यांनी बागेतली सगळी हाडं उकरून लांब नेऊन टाकली. हात बरा झाला, बोटं वळतात, पण कत्तलखान्यात ते अजून गेलेले नाहीत.

मग एका रविवारी दारात उभे राहिले. दाढी केलेली, बगलेत पुस्तक. उजवा हात मोकळा होता, तळहातावर जाड पांढरा वण. मी दार अडवून उभी होते. आतून आई म्हणाली, "येऊ दे त्यांना."

ते आत आले आणि खोलीच्या मध्यावर घुटमळले. आई पलंगावर बसली होती. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलली, तिच्या उजव्या बाजूला नेली आणि ठेवणार एवढ्यात आई म्हणाली, "तिथं नको."

"डावीकडून ऐकू येणार नाही तुला," बाबा म्हणाले. "आता माहीत आहे मला."

"मलाही माहीत आहे," आई म्हणाली आणि तिनं डावीकडची जागा दाखवली. "इथं बसा. इथं खिडकीचा उजेड आहे, मला दिसतं."

बाबा खुर्ची धरून उभेच राहिले. मला वाटलं, आता ती खुर्ची भिंतीवर जाणार. मी पुढे झाले. त्यांनी खुर्ची उचलली, वळसा घालून डावीकडे आणली आणि बसले. पुस्तक उघडलं, पहिल्या पानापासून वाचायला लागले, मोठ्यानं नाही आणि हळूही नाही. पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. आईनं आज मान डोलवली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत बसली होती.